आचार्य द्रोण : संधान आणि उपसंहार

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन प्रथम सेनापती भीष्मांकडे न जाता आचार्यांकडे जातो, आणि पांडवांची ही सेना आपल्याच बुद्धिमान शिष्याने, द्रुपदाच्या पुत्राने रचली आहे, असे त्यांना सुनावतो. तिसऱ्या श्लोकातील हे बोलणे वरवर माहिती देणारे, पण आत डंख असलेले आहे. तो डंख समजण्यास द्रोणाचार्यांचे पूर्वचरित्र ठाऊक असावे लागते.

द्रोण हे भरद्वाजांचे पुत्र. अस्त्रविद्या त्यांनी अग्निवेश ऋषींजवळ अभ्यासिली. पांचालराज पृषताचा पुत्र द्रुपद हा त्यांचा सहाध्यायी. पुढे शरद्वानाची कन्या कृपी हिच्याशी त्यांचा विवाह झाला व अश्वत्थामा हा पुत्र झाला. घरी दारिद्र्य इतके की, दुधासाठी रडणाऱ्या मुलाला पिठाचे पाणी दाखवून इतर मुलांनी फसविले आणि तो दूध प्यालो म्हणून नाचू लागला. पित्याच्या अंतःकरणात हे शल्य कायमचे राहिले.

धनाच्या आशेने द्रोण महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेले. परंतु त्यांनी सर्व धन ब्राह्मणांना व पृथ्वी कश्यपांना दिली होती. शरीर व अस्त्रे एवढेच शेष होते. द्रोणांनी अस्त्रे मागितली, आणि ती प्रयोग, रहस्य व उपसंहार यांसह मागितली. धनुर्वेदाच्या शास्त्रात हे महत्त्वाचे आहे. या विद्येला महाभारत चतुष्पाद म्हणते. मंत्राने सोडावयाचे, हाताने फेकावयाचे, सोडून पुन्हा आवरता येणारे आणि हातातच ठेवून चालविण्याचे, असे शस्त्रांचे चार भेद टीकाकार करतात. बाण घेणे, तो दोरीला जोडणे व सोडणे या क्रियांबरोबरच सोडलेले परत आणणे, म्हणजे विनिवर्तन, हेही त्या विद्येचे अंग मानले आहे. ज्याला सोडता येते पण आवरता येत नाही, तो अस्त्रवेत्ता अपुरा होय.

अस्त्रे मिळाली, तरी दारिद्र्य गेले नाही. जुना मित्र म्हणून द्रोण द्रुपदाकडे गेले. राजा आणि निर्धन यांची मैत्री होत नसते, अशा आशयाचे उत्तर घेऊन ते परतले व हस्तिनापुरास मेहुणे कृप यांच्या घरी राहिले. कोरड्या विहिरीत पडलेली राजपुत्रांची विटी त्यांनी गवताच्या काड्या एकीत एक रोवून वर काढली, तेव्हा भीष्मांनी त्यांना ओळखून कुमार त्यांच्या स्वाधीन केले. माझे एक कार्य कराल काय, असे त्यांनी शिष्यांना विचारले. सर्व गप्प राहिले. एकट्या अर्जुनाने होकार दिला. विद्येच्या आरंभीच वैर तेथे दक्षिणा म्हणून बसले होते.

अर्जुनाने अंधारात जेवताना हात तोंडाकडे चुकत नाही हे पाहून रात्री अभ्यास आरंभिला. वृक्षावरील कृत्रिम पक्ष्याचे मस्तक तेवढे त्याला दिसले. या कथा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एकलव्याची कथाही तशीच परिचित आहे, पण ती सांगताना पुष्कळांना आचार्यांची बाजू सावरून घ्यावीशी वाटते. निषादराज हिरण्यधनूच्या या पुत्राला त्यांनी शिकविले नाही. मातीच्या मूर्तीपुढे त्याने स्वतः मिळविलेल्या विद्येची दक्षिणा मात्र घेतली, आणि तीही उजव्या हाताचा अंगठा. त्यानंतर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची शीघ्रता राहिली नाही. अर्जुनाला दिलेला शब्द राखण्यासाठी हे केले, हे खरे. त्यामुळे ते न्याय्य ठरत नाही.

शिक्षण संपताच कार्य सांगितले गेले. अर्जुनाने द्रुपदाला बांधून आणले. द्रोणांनी त्याला प्राणदान दिले, गंगेच्या दक्षिणेकडील कांपिल्यासह अर्धे राज्य परत केले, आणि उत्तरेकडील अहिच्छत्र स्वतः घेतले. आता आपण समान झालो, पुन्हा मित्र होऊ, असे ते म्हणाले. द्रुपद वरून मानला, आतून जळत राहिला. द्रोणवधासाठी पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ केला, त्यातून धृष्टद्युम्न झाला. आणि तो कशासाठी जन्मला हे जाणूनही द्रोणांनी त्याला घरी ठेवून अस्त्रविद्या शिकविली! दुर्योधनाच्या बोलण्यातील डंख तो हाच.

युद्धारंभी युधिष्ठिर वंदनास आला, तेव्हा आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, हे आचार्यांनी मान्य केले. पिठाच्या पाण्यापासून निघालेली वाट येथवर आली होती. अकराव्या दिवशी ते सेनापती झाले. तेराव्या दिवशी त्यांच्या चक्रव्यूहात अभिमन्यू सापडला. त्याच्या हाती धनुष्य असेतो तो आवरणार नाही, ते तोडावे, हा उपाय कर्णाला त्यांनीच सांगितला. शिष्याच्या पुत्रावर ती विद्या अशी चालली. चौदाव्या दिवशी पुढे शकट, मागे पद्म व त्याच्या गर्भात सूची असा व्यूह त्यांनी जयद्रथासाठी रचला. अर्जुन गुरूंना उजवीकडे ठेवून पुढे निघून गेला.

पंधराव्या दिवशी द्रुपद व विराट त्यांच्या हातून पडले. अस्त्रे न जाणणाऱ्या सैनिकांवर ते ब्रह्मास्त्र चालवू लागले, तेव्हा भरद्वाजादी ऋषी येऊन शस्त्र ठेवण्यास सांगू लागले. अशा वेळी श्रीकृष्णचक्रवर्तींनी पांडवांना उपाय सुचविला. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही असा त्यांचा भरवसा होता. हत्ती हा शब्द त्याने अस्पष्ट उच्चारला. अकराव्या अध्यायात भगवंतांनी द्रोणांचे नाव आधीच मारलेल्यांत घेतले होते. आचार्यांनी धनुष्य खाली ठेवले व रथातच योगस्थ बसले. जिवंत आणा, असे अर्जुन ओरडत असता धृष्टद्युम्नाने मस्तक छेदिले.

अर्जुनाला दिलेले ब्रह्मशिर अस्त्र पुत्राच्या हट्टामुळे आचार्यांनी त्यालाही दिले होते, पण मनुष्यावर सोडू नये अशी ताकीद देऊन. युद्धानंतर ते दोघांनीही सोडले. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने आपले आवरले. अश्वत्थाम्याला आवरता आले नाही. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भावर वळविले, आणि उत्तरेचे मृत बालक श्रीकृष्णचक्रवर्तींनी जिवंत केले.