नात्सुमे सोसेकी : परक्या घरी वाढलेलं पोर, मास्तर आणि कादंबरीकार



जपानी शाळा म्हटलं की आपल्याला 'तोत्तोचान' आठवते. पण तिच्याही पाऊणशे वर्षं आधी, १९०६ मध्ये, शाळेवरच एक छोटी जपानी कादंबरी आली होती, 'बोच्चान'. लेखक नात्सुमे सोसेकी. धारूरच्या वाचनालयात तुम्ही आठ-दहा जण मिळून एखादं पुस्तक वाचणार असाल, तर हे जरूर घ्या. का, ते त्यांचं आयुष्य वाचलं की कळेल.

बालपण

मूळ नाव किन्नोसुके. जन्म ९ फेब्रुवारी १८६७ रोजी एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत. घरातलं शेंडेफळ, पण लाड कसले! उतारवयात मूल झालं याचीच घरच्यांना लाज वाटली. तान्हेपणीच त्याला जुन्या वस्तू विकणाऱ्या एका जोडप्याकडे सांभाळायला दिलं. रात्रीच्या बाजारात, विकायच्या सामानाशेजारी टोपलीत ठेवलेला आपला भाऊ बहिणीला दिसला. तिने उचलून घरी आणला. पण थोड्याच दिवसांत त्याला शिओबारा नावाच्या घरी दत्तक दिलं. पुढे त्या नवरा-बायकोचा काडीमोड झाला आणि साधारण नऊ वर्षांचा किन्नोसुके पुन्हा जन्मघरी आला.

आता बघा, घरातल्या त्या दोन वयस्कर माणसांना तो आजी-आजोबाच समजायचा. एका रात्री घरातल्या मोलकरणीने त्याला हळूच सांगितलं, की हेच तुझे आई-वडील आहेत. चौदाव्या वर्षी आई वारली. कागदोपत्री नात्सुमे हे आडनाव परत मिळायला १८८८ साल उजाडलं. त्यासाठी वडिलांना दत्तक घराला पैसे मोजावे लागले.

मास्तर ते लेखक

विद्यार्थिदशेत मासाओका शिकी या हायकू-कवीशी त्यांची मैत्री जमली आणि 'सोसेकी' हे टोपणनाव आलं. १८९३ मध्ये ते इंग्रजीचे पदवीधर झाले. १८९५ मध्ये राजधानी सोडून दूर शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा गावी शाळेत शिकवायला गेले. तिथून कुमामोतोला. सरकारने १९०० मध्ये त्यांना शिकायला लंडनला पाठवलं. हातात पैसा कमी, सोबत कुणी नाही; ती दोन वर्षं फार वाईट गेली. परतल्यावर ते टोकियोच्या विद्यापीठात शिकवू लागले.

मन रमावं म्हणून १९०५ मध्ये त्यांनी एका मासिकात एक गोष्ट लिहिली. ती सांगतं एक मांजर, आणि त्या मांजराला नावच नाही! एका मास्तराच्या घरी राहून ते माणसांची फजिती बघत बसतं. वाचकांना इतकी आवडली, की एका गोष्टीचे अकरा भाग झाले. पुढच्याच वर्षी 'बोच्चान' आली. १९०७ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडून 'असाही' वर्तमानपत्रासाठी कादंबऱ्या लिहायला घेतल्या. ९ डिसेंबर १९१६ रोजी पोटातल्या अल्सरने ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ४९. पुढे जपानच्या हजार येनच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं.

'बोच्चान'मध्ये काय आहे?

टोकियोचा एक तरुण गणिताचा मास्तर म्हणून लांबच्या गावी जातो. पोरं त्याच्या अंथरुणात टोळ सोडतात. त्याने काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं असतं! नवीन गावी बदली झालेल्या प्रत्येक गुरुजींना हे वाचून हसू येईल.

पण कादंबरीचा जीव आहे कियो या म्हाताऱ्या मोलकरणीत. आई-वडिलांनी वाया गेलेला ठरवलेल्या या मुलाला ती एकटी चांगला म्हणते. गुपचूप खाऊ देते, जवळचे पैसे देते, हा मोठा होणार असं धरून चालते. 'बोच्चान', म्हणजे 'छोटे मालक', ही तिचीच हाक. परगावी गेल्यावर त्याला आठवण येते ती तिचीच.

आपल्यासाठी

धारूरकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. लेकरं आजीजवळ, नातेवाइकांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. सोसेकींच्या घरच्यांसारखं कुणी ती नकोशी म्हणून ठेवत नाही. पोटापाण्यासाठी ठेवावी लागतात. तरीही माझं घर नेमकं कुठलं, हा प्रश्न त्या लेकराला पडतोच. अशा वेळी आजी असो, वसतिगृहातल्या मावशी असोत की वर्गशिक्षक, त्याच्यावर विश्वास टाकणारं एक माणूस त्याला हवं असतं. आपण ते माणूस होऊ शकतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

गटात बोलण्यासाठी

१. तुमच्या लहानपणी तुमच्यावर विश्वास टाकणारं माणूस कोण होतं?
२. कियोचं प्रेम आंधळं आहे का? त्याने मूल बिघडतं की सावरतं?
३. वर्गातल्या खोडकर मुलाच्या घरी सध्या कोण आहे, हे आपल्याला माहीत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचनालयात मिळणार नाही. त्यासाठी मुलाच्या घरापर्यंत जावं लागेल.