डेझीच्या पऱ्या

आमच्या शोकेसमध्ये सासूबाईंच्या वेळचा चिनी मातीचा एक बाऊल आहे. त्यावर जीभ बाहेर काढलेला लालभडक ड्रॅगन! परवा दिवाळीची आवराआवर करताना तो पुसायला घेतला आणि मला डेझी मेकिग-जोन्स आठवली.

मैत्रिणींनो, ही डेझी इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका डॉक्टरांची मुलगी. जन्म १८८१ चा. १९०९ मध्ये, सत्ताविशीत, ती स्टॅफर्डशायरमधल्या वेजवूड या नामांकित कारखान्यात भांडी रंगवायला शिकाऊ म्हणून लागली. त्या वयात पोरीसोरींबरोबर ब्रश धरायचा म्हणजे सोपं का होतं? पण पाच वर्षांत ती तिथली डिझायनर झाली.

आधी तिने ड्रॅगन, फुलपाखरं, मासे काढले. मग १९१५ मध्ये आल्या तिच्या पऱ्या! बाऊल, फुलदाण्या, ताटल्या यांवर पऱ्या, बुटके, भुतंखेतं, कोळ्यांची जाळी. बाह्यरेषा सोन्याच्या आणि वर धातूची झळाळी. एकेक नग पुन्हा पुन्हा भट्टीत जायचा. बाहेर पहिलं महायुद्ध पेटलेलं. अशा दिवसांत लोकांना हे स्वप्नातलं जग फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं या भांड्यांनी कारखान्याला चांगला पैसा मिळवून दिला.

पण फॅशन काय, आज आहे तर उद्या नाही. १९२९ नंतर मंदी आली, साध्या नक्षीची भांडी लोकांना बरी वाटू लागली. कारखान्याचे नवे व्यवस्थापकीय संचालक आले आणि १९३१ मध्ये त्यांनी डेझीला निवृत्त व्हायला सांगितलं. ती आधी ऐकेचना. शेवटी भांडून बाहेर पडली. जाताना आपली उरलेली भांडी तिने सहकाऱ्यांना फोडून टाकायला लावली, असं सांगतात. १९४५ मध्ये ती गेली.

तिचा संताप मला कळतो. बावीस वर्षं जीव ओतायचा आणि एक दिवस कुणीतरी म्हणायचं, आता पुरे! आपल्यातल्या किती जणींनी हे घरात, नोकरीत ऐकलंय. तरी त्या फुटलेल्या पऱ्यांसाठी जीव हळहळतोच. कारण जी भांडी वाचली, ती आज लिलावात लाखो रुपयांना जातात, आणि तिच्याच नावाने ओळखली जातात.

मी काय केलं माहितेय? बाऊल परत शोकेसमध्ये ठेवलाच नाही. या दिवाळीत त्यात चिवडा भरला!