बटाट्यातला शोध आणि हृदयाचे रक्षण : डॉ. कमला सोहोनी

पेशीची आकृती काढताना आपण तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, लांबट काढतो, बाण दाखवून नाव लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्या एवढ्याशा कणिकेत चालणाऱ्या कामाचा अभ्यास जगात नुकताच सुरू झाला होता, तेव्हा त्यात एका मराठी मुलीने भर घातली. तिचे माहेरचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. मराठी साहित्यातल्या थोर विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. दुर्गाबाईंचे नाव पालकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. कमलाबाईंचे नाव मात्र पुष्कळांनी ऐकलेले नसते, म्हणून हा लेख.

भागवतांचे घर शिकलेले. कमलाबाईंचा जन्म 1911 च्या सुमारास इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. आपणही तिथेच जायचे हे कमलाबाईंनी मनाशी पक्के केले होते. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा त्या रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरला अर्ज पाठवला. अर्ज नामंजूर झाला. गुणांत काही कमी नव्हते, अर्ज करणारी मुलगी होती एवढेच कारण.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळवलेले, साऱ्या देशाचे भूषण. स्त्रियांना संशोधन झेपणार नाही, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटले तर बहुतेक घरांत विषय तिथेच संपला असता. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. त्यांनीही सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल आणि संस्थेतले वातावरण बिघडता कामा नये. शेवटची अट वाचून आजच्या मुलींना राग येईल, आणि तो यावाच. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण त्यांना प्रयोगशाळा हवी होती. पण तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. रामन यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही ही हकिकत जशी घडली तशीच सांगितली पाहिजे.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक पण न्यायी होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि 1936 साली एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवली. रामन यांनीही काम पाहिले आणि त्यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडले.

पुढचा मुक्काम केंब्रिज. 1937 साली त्या तिथे पोहोचल्या. जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना 1929 साली नोबेल मिळाले होते. पेशीला ऑक्सिडीकरणापासून वाचवणारा ग्लुटाथायोन हा पदार्थही त्यांनीच 1921 साली पुढे आणला. त्याच विद्यापीठात डेव्हिड कायलिन यांनी 1925 साली सजीवांच्या पेशींतल्या रंगद्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिले होते. कमलाबाईंना जागा मिळाली ती आधी डेरेक रिश्टर यांच्याजवळ आणि नंतर वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे.

तिथे त्यांनी हाती घेतला बटाटा! बटाट्याच्या पेशीत सायटोक्रोम सी आहे आणि वनस्पतीच्या श्वसनात ते भाग घेते, हे त्यांनी दाखवले. प्राण्यांच्या स्नायूंत जे यंत्र चालते त्याच जातीचे यंत्र बटाट्यातही चालते, असा त्याचा अर्थ. 1939 साली हिल आणि त्यांचा लेख नेचर या नियतकालिकात आला. पीएच.डी.चा प्रबंध दीड वर्षाच्या आत पुरा झाला आणि तो होता अवघा चाळीस पानांचा. (जाड प्रबंध म्हणजे मोठे काम, असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आता हे सायटोक्रोम सी करते काय? बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते सर्वांनी पाहिले आहे. तंतुकणिकेत अशीच रांग असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या देवघेवीतून शरीराला शक्ती मिळते. सायटोक्रोम सी हा त्या रांगेच्या शेवटाजवळचा एक मजूर. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि त्यावर तो इलेक्ट्रॉन वाहतो.

रांगेत एखादे घमेले मध्येच सांडते, तसा एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच ऑक्सिजनला चिकटतो. मग पाणी होत नाही, सुपरऑक्साइड नावाचा आगाऊ कण तयार होतो. लोखंड गंजते, शेंगदाण्याचे तेल खवट होते, कापलेला बटाटा काळा पडतो, ही सारी ऑक्सिडीकरणाचीच रूपे. पेशीत असे कण तिच्या आवरत्या शक्तीपेक्षा जास्त झाले की त्याला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. त्यांना आवरणारे एक विकर आपल्या शरीरातच आहे, हे 1969 साली अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवले. सुपरऑक्साइड मोजायला त्यांनी काय वापरले? सायटोक्रोम सी.

हृदयाला या सगळ्याची झळ फार बसते. ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि त्याच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की ऑक्सिजन थांबतो आणि पेशी मरू लागतात. डॉक्टर औषधाने किंवा फुग्याने ती वाहिनी उघडतात, आणि हृदय वाचवायचे असेल तर ती उघडलीच पाहिजे. पण रक्त परत येते त्या पहिल्या काही मिनिटांतच आगाऊ कणांचा लोंढा उठतो आणि वाचू शकल्या असत्या अशा काही पेशीही दगावतात. यात सायटोक्रोम सी पुन्हा भेटते. तंतुकणिकेला इजा झाली की ते बाहेर गळते, आणि ते गळणे हाच पेशीला स्वतःला संपवण्याचा इशारा ठरतो, हे 1996 साली अमेरिकेत शियाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत उघड झाले. शक्ती देणारे प्रथिन मृत्यूचा निरोपही देते, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कमलाबाईंनी हृदयावर संशोधन केले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सायटोक्रोम सी बटाट्यापासून घोड्यापर्यंत साऱ्यांत एकाच घडणीचे आहे, या ज्ञानात त्यांचा वाटा आहे. पुढचे संशोधक त्या ज्ञानावर उभे राहिले.

हृदयाला या इजेपासून वाचवण्याचे प्रयत्न चालूच आहेत. 1986 साली अमेरिकेत कुत्र्यांवरील प्रयोगात दिसले की आधी पाच पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे देऊन मग रक्तपुरवठा चाळीस मिनिटे बंद ठेवला, तर हृदयाची हानी चौथ्या हिश्श्यावर येते. जणू हृदय तालीम करून तयार होते! माणसावर मात्र असे खात्रीचे औषध किंवा उपाय अजून हाती आलेला नाही. पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या म्हणून ई आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुकानांतून खूप खपतात. ब्रिटनमध्ये 20,536 लोकांवर पाच वर्षे चाचणी झाली. 2002 साली निष्कर्ष आला की या गोळ्यांनी हृदयविकार कमी झाला नाही. छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर गोळ्या शोधत न बसता 108 ला फोन करावा. हृदयाच्या बाबतीत मिनिटाला किंमत आहे.

केंब्रिजनंतर परदेशात राहणे कमलाबाईंना सहज शक्य होते. त्या 1939 सालीच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. 1947 साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. तिथे त्यांनी गरिबाच्या ताटाकडे पाहिले. वाल आणि डबल बी यांत प्रथिनांचे पचन अडवणारा एक पदार्थ असतो. तो स्फटिकरूपात वेगळा केल्याचा लेख त्यांनी आणि त्यांचे सहकारी आंबे यांनी 1955 साली नेचरमध्ये दिला. आपण उंधियोत घालतो ती सुरती पापडी याच वालाच्या जातीची. भिजवून नीट शिजवल्याने तो पदार्थ बराच निकामी होतो, म्हणजे आजीची रीत बरोबरच होती.

आणि नीरा! सुरतेच्या हिवाळ्यात सकाळी नीरा केंद्रावर उभे राहिलेल्यांना तिची चव सांगायला नको. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. तिच्यात सी जीवनसत्त्व आणि लोह आढळले. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धशाळेलाही त्या दुधाच्या प्रतीबाबत सल्ला देत असत.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना हक्क असूनही चार वर्षे उशिरा मिळाले. बंगळूरचे दार उघडून दोन तपे उलटली होती, तरी मुंबईतले दार पुन्हा ढकलावेच लागले.

1966 साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. 1982-83 मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. 1998 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार दिल्लीत ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय 86 च्या आसपास होते.