विश्लेषण : घाटासाठी सायकल बदलणे आज नियमात, १९६३मध्ये जाक आंकतीलला नाटक का करावे लागले?

२०२०च्या टूर द फ्रान्सचा निकाल एका टाइम ट्रायलने फिरवला. ३६.२ किलोमीटरच्या शर्यतीत सपाटीवर एक आणि शेवटच्या चढावर दुसरी सायकल वापरत तादेइ पोगाचारने ५७ सेकंदांची पिछाडी भरून काढली आणि विजेतेपद पटकावले. सायकल बदलणे नियमात बसत होते. १९६३मध्ये मात्र हेच करण्यासाठी जाक आंकतीलला सायकल बिघडल्याचे सोंग घ्यावे लागले होते.

आंकतील कोण होता?

८ जानेवारी १९३४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीत जन्म. वडील स्ट्रॉबेरीची शेती करत. वयाच्या १९व्या वर्षी त्याने ‘ग्रां प्री दे नासियों’ ही टाइम ट्रायलमधील मानाची शर्यत जिंकली. पुढे ती तो एकूण नऊ वेळा जिंकला. १९५६मध्ये मिलानच्या ट्रॅकवर एका तासात ४६.१५९ किलोमीटर अंतर कापून त्याने फाउस्तो कोप्पीचा विक्रम मागे टाकला. टूर द फ्रान्स पाच वेळा (१९५७, १९६१ ते १९६४) जिंकणारा तो पहिलाच.

सायकल बदलून फायदा काय?

सपाटीवर खरी लढाई हवेशी असते. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वाकून बसणे आणि जड गिअर उपयोगी ठरतात. तीव्र चढावर वेग घटतो आणि लढाई वजनाशी होते. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो धरले, तर अर्ध्या तासाच्या चढावर एक किलो कमी झाल्याने साधारण २० सेकंद वाचतात. शिवाय हलक्या गिअरमुळे पायांची लय टिकते.

१९६३मध्ये काय घडले?

शामोनीकडे जाणाऱ्या टप्प्यात फोर्क्लाझचा खडा घाट होता आणि समोर चढाचा राजा फेदेरिको बाहामोंतेस. बिघाड झाला तरच सायकल बदलता येईल, असा नियम होता. घाटाच्या पायथ्याशी आंकतीलने गिअर बिघडल्याची ओरड केली. पुरावा म्हणून मेकॅनिकने केबल कापल्याचे सांगितले जाते. संघव्यवस्थापक राफाएल जेमिनियानी यांचा हा डाव होता. हलकी सायकल मिळाली, आंकतील बाहामोंतेसला चिकटून राहिला, टप्पा जिंकला आणि पिवळी जर्सीही मिळवली.

सेकंदांचा हिशेब कसा जमला?

१९६४मध्ये प्वी द दोमच्या चढावर रेमों पुलिदोरने त्याच्यावर ४२ सेकंद मिळवले, तरी एकूण आघाडी १४ सेकंदांनी शिल्लक राहिली. थकलेला आंकतील बराच वेळ पुलिदोरच्या मागे न राहता खांद्याला खांदा लावून चालला. आपण दमलोय, हे प्रतिस्पर्ध्याला कळू द्यायचे नव्हते. अखेरच्या टाइम ट्रायलनंतर तो ५५ सेकंदांनी विजेता ठरला.

मग वाद कशावरून?

उत्तेजके घेतो, हे त्याने कधी लपवले नाही. १९६७मध्ये त्याने तासाचा नवा विक्रम केला, पण ट्रॅकवर उत्तेजक चाचणी देण्यास नकार दिल्याने तो मान्य झाला नाही. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी पोटाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो ५३ वर्षांचा होता.

आज डोंगराळ टाइम ट्रायलमध्ये संघ एवढेच मोजतात : सायकल बदलताना जाणारे सेकंद चढावर परत मिळतील का? चढ छोटा असेल, तर उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असते.