पातळ थर जास्त मजबूत का? एगॉन ओरोवान यांची गोष्ट

धातूचा थर पातळ केला की तो कमकुवत होईल, असंच कुणालाही वाटेल. होतं उलटं. मी पीएचडीसाठी तांब्याच्या नॅनो थरांवर काम करतो आणि आमच्या समीकरणांत एक नाव सारखं येतं, ते म्हणजे एगॉन ओरोवान.

जन्म १९०२ चा, बुडापेस्टचा. बर्लिनला ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते, पण प्राध्यापक रिचर्ड बेकर यांनी धातू कसे वाकतात यावरचा आपला सिद्धांत प्रयोगाने तपासायला दिला आणि गाडी भौतिकशास्त्राकडे वळली. एकदा जस्ताचा स्फटिक हातातून पडून वाकला. दुसऱ्या कुणी फेकून दिला असता. ओरोवान यांनी तो सरळ करून यंत्राला लावला, तर तो सलग ताणला न जाता झटक्याझटक्याने लांबू लागला! डॉक्टरेट मात्र त्यांनी १९३२ मध्ये अभ्रक कसा तुटतो यावर केली.

हिटलर सत्तेवर आला आणि ते बुडापेस्टला परतले. लगेच नोकरी नाही, आईकडे मुक्काम, विचार करायला वेळच वेळ. ते झटके डोक्यात होतेच.

आता बघा, जड सतरंजी अख्खी ओढायला जीव जातो. पण एका टोकाला घडी पाडून ती पुढे ढकलत नेली, की सतरंजी सहज सरकते. धातूतल्या अणूंच्या ओळीही अशाच सरकतात. त्या घडीला म्हणतात डिसलोकेशन. म्हणूनच शुद्ध धातू हिशेबापेक्षा शेकडो पटींनी सहज वाकतो. ओरोवान यांनी मायकेल पोलान्यी यांना एकत्र लेख लिहू असं सुचवलं. पोलान्यींनी स्वतंत्र लेख, पण एकाच अंकात, असा मार्ग काढला. १९३४ मध्ये दोन्ही छापून आले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर यांनीही तेच मांडलं. श्रेयावरून भांडण झालं नाही, हे मला फार आवडतं.

पुढे बल्बसाठी क्रिप्टॉन वायू, १९३७ मध्ये बर्मिंगहॅम, मग केंब्रिज, १९५० पासून अमेरिकेत एमआयटी. १९८९ मध्ये ते गेले.

आमच्या कामाचा मुद्दा १९४० च्या दशकातला. दोन अडथळ्यांमधून जाताना डिसलोकेशनला धनुष्यासारखं वाकावं लागतं. फट जितकी अरुंद, तितका जोर जास्त. नॅनो थरांत वरच्या आणि खालच्या सीमा म्हणजे हेच अडथळे. तांबं आणि नायोबियमचे काही नॅनोमीटरचे थर एकावर एक रचले, की ताकद दोन गिगापास्कलच्या घरात जाते. साधं तांबं याच्या जवळपासही येत नाही.

पण थर त्याहून पातळ केले की ही वाढ थांबते, कारण डिसलोकेशन सीमाच ओलांडू लागतं. आमच्या लॅबमध्ये सध्या रोजचा वाद असतो तो याच मर्यादेवरून.