एक सूत्रधार पुरे!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागासाठी मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि तेही एका खेळामुळे!

हॉस्टेलवर आम्ही सहा जणी शनिवारी रात्री रोलप्लेइंग गेम खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. एकीने गेम मास्टर व्हायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. गेम मास्टर प्रसंग सांगते, बाकीच्या आपलं पात्र काय करेल ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे.

गेम मास्टर अर्थातच मी. पुस्तकही माझं, जाडजूड आणि इंग्रजी. आमच्यातली एक जण मराठी माध्यमातून आलेली. मेसमध्ये ती बोलायला लागली की ताटातलं गार होतं, पण खेळात मात्र गप्प. कारण ती काही करायला गेली की मी पान उघडून नियम दाखवायचे. तिसऱ्या शनिवारी ती आली नाही, चौथ्यालाही नाही. अभ्यास आहे म्हणाली. आदल्याच दिवशी सबमिशन संपलं होतं!

डिसेंबरात घरी, देवगडला गेले. जत्रांचे दिवस होते, आजीने दशावताराला नेलं. खरं सांगायचं तर देवगडची असून मी तोवर एकही दशावतार पूर्ण पाहिला नव्हता. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती, मग वेद चोरणारा काळा संकासुर, आणि नंतर मुख्य आख्यान. आजीने सांगितलं की संवाद कुठेच लिहिलेले नसतात. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं, कोणी काय व्हायचं ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर. मी थक्कच झाले. हाच तर आमचा खेळ! फक्त पुस्तक नाही.

मग मी शोधाशोध केली आणि विष्णुदास भावे भेटले. शाळेत एका ओळीत उरकलेलं नाव : मराठी रंगभूमीचे जनक. त्या ओळीमागे केवढा माणूस आहे ते तेव्हा कुणी सांगितलं नाही.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारासचा. वडील सांगली संस्थानच्या नोकरीत. १८४२ साली कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांचे खेळ राजेसाहेबांपुढे झाले. चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धनांना वाटलं, असं काही मराठीतही व्हावं, पण जरा नीटनेटकं. हे काम त्यांनी भाव्यांवर सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' झालं. तेव्हा भावे जेमतेम चोवीस वर्षांचे, म्हणजे आपल्यातल्या एखाद्या सुपर सीनियरएवढे! हीच तारीख आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात.

आता यातलं इंजिनीअरिंग बघा. भाव्यांच्या हाती तयार नट नव्हते. नाटकात काम करणं तेव्हा प्रतिष्ठेचं नव्हतं, आणि पानंच्या पानं संवाद पाठ करण्याची कुणाला सवय नव्हती. म्हणून त्यांनी एक साचा ठरवला. सूत्रधार मंगलाचरण करतो, विदूषक येऊन त्याच्याशी थट्टामस्करी करतो, मग गणपती, मग सरस्वती, मग आख्यान. सूत्रधार शेवटपर्यंत साथीदारांसह उभाच. तो पद म्हणतो, पदातून प्रसंग कळतो, आणि त्या प्रसंगाला धरून पात्रं आपापल्या शब्दांत बोलतात. बस्स, एवढेच नियम! याच साच्यात रामायण बसलं, महाभारत बसलं, पुराणांतल्या कथा बसल्या. भाव्यांनी पन्नासच्या वर आख्यानं रचली, पण नटांना दर वेळी नवीन पद्धत शिकावी लागली नाही.

१८५१ साली अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. डोक्यावर कर्ज, मागे अख्खी मंडळी. दुसरा कोणी घरी बसला असता. भावे दौऱ्यावर निघाले. १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाच्या मर्जीवर चालणारं नाटक प्रेक्षकांच्या पैशावर चालू लागलं. 'राजा गोपीचंद' तर त्यांनी हिंदीत केलं. साचा सुटसुटीत होता म्हणूनच तो गावोगाव नेता आला, असं मला वाटतं.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळी भिस्त नटाच्या हजरजबाबीपणावर. तो ढिला पडला की नुसत्या राक्षसांच्या आरोळ्या उरायच्या. म्हणून तर पुढे लोक अशा नाटकांना चेष्टेने 'अलललडुर्र' म्हणू लागले! १८६१ साली वि. ज. कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' हे लिहिलेलं गद्य नाटक आलं. त्याच सुमारास भाव्यांनी दौरे थांबवले आणि ते सांगलीला परतले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, त्यात पात्रं स्वतःच गाऊ लागली. सदैव उभ्या असणाऱ्या सूत्रधाराची गरज संपली. भावे ९ ऑगस्ट १९०१ पर्यंत जगले, म्हणजे आपली पद्धत जुनी होताना त्यांनी स्वतः पाहिली. त्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या, 'सीतास्वयंवर' बाहुल्यांकडून करवून घेण्यासाठी. नट नसले तर बाहुल्या, पण खेळ सोडायचा नाही!

असो. जानेवारीत हॉस्टेलवर परतल्यावर मी ते जाडं पुस्तक कपाटात ठेवलं. एका पानावर नियम लिहिले, मराठीत. सहा बाजूंचा एकच फासा. चार किंवा जास्त पडले तर काम जमलं. आपलं पात्र ज्यात पटाईत, तिथे एक जास्त धरायचा. भाव्यांना फासा लागला नाही, कारण आख्यानाचा शेवट ठरलेला, धनुष्य रामच मोडणार. आमच्याकडे रावणानेही मोडलं तर चालतं, म्हणून एक फासा ठेवला. हाच कागद राजवाड्याच्या गोष्टीलाही चालतो आणि अंतराळयानाच्याही.

मग मी तिच्या खोलीवर गेले. माफी कशी मागायची ते सुचेना, म्हणून तो कागदच पुढे केला. तिने वाचला, हसली आणि म्हणाली की एवढंच असेल तर येते. त्या शनिवारी तिने एका म्हाताऱ्या नावाड्याचं पात्र घेतलं आणि चार तास आम्हाला बोलूच दिलं नाही. मी गेम मास्टर असून नुसती ऐकत बसले. सूत्रधाराने पद म्हणावं आणि बाजूला व्हावं, हे मला तेव्हा कळलं.

आमच्यात एक जागा रिकामी आहे. शनिवारी रात्री नऊला, मुलींचं हॉस्टेल, कॉमन रूम. काहीही वाचून यायची गरज नाही!