आधी काम, मग मशीन : बेळगावच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाटचाल

बेळगाव : उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या गप्पा हल्ली फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. लेथ आणि जुन्या मिलिंग मशीनवर अजून किती दिवस काढायचे? सीएनसी घ्यायची तर कोणती, नवी की वापरलेली? आणि हप्ता कुठून भरायचा?

याच गावात शंभर वर्षांहून आधी एका माणसापुढे साधारण असाच पेच होता. हातात कसब होते, भांडवल थोडे होते आणि कोणता माल केला तर गिऱ्हाईक येईल याची खात्री नव्हती. त्याचे नाव आज शहरातल्या किर्लोस्कर रोडला आहे. रोज तिथून जाणाऱ्यांनाही लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची ही गोष्ट पूर्ण माहीत असतेच असे नाही.

चित्रकार व्हायचे होते

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. वडिलांचा विरोध असताना थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे घोटाळा झाला. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे लक्षात आले. चित्रकाराची वाट तिथेच बंद. पण रेघेला रंग लागत नाही. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, त्यात तयार झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. यंत्रे खोलायची, जोडायची, चालवायची, हा सराव त्यांना तिथेच झाला.

दरम्यान १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्सचा धंदा सुरू झाला होता. धंदा सायकलींचा. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या इकडे विकायच्या, शिवाय लोकांना चालवायला शिकवायचे, अशी वाटणी होती. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियनला ती जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

दोन वर्षे नांगर विकला गेला नाही

सायकली विकणे आणि दुरुस्त करणे यात यंत्र बनवण्याची हौस भागत नव्हती. छोटे वर्कशॉप उभे राहिले. पण त्यात करायचे काय? लक्ष्मणरावांनी भोवताली बघितले. चहूकडे शेती आणि घरोघरी बैल. म्हणून आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर.

माल योग्य होता, तरी बाजार तयार नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

हिशेब ठेवणाऱ्याने इथे थोडे थांबावे. दोन वर्षे म्हणजे आजच्या भाषेत चोवीस हप्ते. मुख्य माल पडून आणि हप्ता चालू, असे झाले तर आज किती वर्कशॉप टिकतील? लक्ष्मणरावांनी मात्र नांगर सोडला नाही. वर्कशॉपात कडबा कापण्याची यंत्रेही होत होती, त्यामुळे सगळा भार एकाच मालावर नव्हता. शेवटी नांगराचे काम शेतात दिसू लागले आणि मागणी आली.

बेळगाव सोडावे लागले

जम बसतो न बसतो तोच दुसरे संकट आले. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याला जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती मदतीला आले. त्यांनी १० हजार रुपये कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर ओसाड जमीन मिळाली. १९१० मध्ये २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. निवडुंग आणि साप यांनी भरलेला तो माळ होता. त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

जागा ओसाड होती, पण रेल्वे दाराशी होती. कच्चे लोखंड आत आणायला आणि तयार नांगर बाहेर पाठवायला तेवढे पुरे होते. पुढे नांगरासोबत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप असा माल वाढत गेला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमले.

१९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली आणि लेथ बनवू लागली. तो कारखाना पुढे बंद पडला, पण तिथले लेथ सीमाभागातल्या जुन्या कामगारांना आजही आठवतात. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले.

आजच्या हिशेबात

पहिली सीएनसी घेणाऱ्याला या चरित्रातून मशीनचे मॉडेल मिळणार नाही, क्रम मात्र मिळेल. लक्ष्मणरावांनी आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवले, मग माल, आणि मालाप्रमाणे कारखाना वाढवला.

तोच क्रम इथे लावता येतो. गेल्या वर्षभरात हातून गेलेले आणि बाहेर करून घेतलेले जॉब आधी वहीत मांडावेत. बहुतेक जॉब केवढे आहेत, त्यावर टेबलाचा आकार ठरतो. बीड आणि स्टील जास्त असेल तर कमी वेगाला ताकद देणारा स्पिंडल आणि भक्कम बॉडी हवी. ॲल्युमिनियम जास्त असेल तर आरपीएम हवेत. साध्या जॉबना तीन अक्षांची व्हीएमसी पुष्कळ झाली.

किंमत धरताना नुसते मशीन धरून चालत नाही. टूल होल्डर, कटर, व्हाइस, फिक्स्चर, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, मोजमापाची हत्यारे आणि प्रोग्रॅम करणारा माणूस, हा सगळा खर्च त्यात येतो. बिघाड झाला तर सर्व्हिसचा माणूस किती तासांत पोचेल, हेही सही करण्याआधी विचारलेले बरे. आणि काम मंदावले तर हप्ता किती महिने निघेल, हा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर असावा. लक्ष्मणरावांना तो आकडा दोन वर्षांचा निघाला होता.